रेडिओत गेलेली थापट

माझी नणंद बारावीत आहे. ती आणि तिच्या वयाची तीन-चार पोरं मिळून आमच्या भागातल्या कम्युनिटी रेडिओवर मुलांच्या हक्कांचा कार्यक्रम करतात, दर शनिवारी सकाळी. पोरांना शाळा पाहिजे, खेळायला पाहिजे, कोणी मारायचं नाही, असलं सगळं. मला त्यातलं जास्त कळत नाही. मी नववीत शाळा सोडली. आरोंद्याकडची मी, लग्न होऊन इकडे पार्से गावात आले, आता मुलगी चार वर्षांची आहे.

एकदा संध्याकाळी नणंद कार्यक्रमासाठी रेकॉर्ड करायला मोबाईल घेऊन सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, माझ्या शेजारी बसली.

"वैनी, पोरांक घरांत कोण मारता, इतकेंच सांग. तुजें नांव येवचें ना."

"माका बोलूक येणा नाय गो."

"येता तशें बोल."

मग मी खरं तेच सांगितलं. मीच मारते म्हटलं. रोज नाही, पण मारते. आणि मी हे बोलत असतानाच पोदेर आला, पाववाला आमचा, सायकलवरून पों-पों करत. त्याचा भोंगा ऐकला की माझी मुलगी काही बघत नाही, सरळ रस्त्यावर धावते. आणि रस्ता म्हणजे काय, भाड्याच्या स्कूटरी घेऊन मांद्रेच्या दर्याकडे जाणारे पर्यटक, कुठून येतील कळत नाही. ती धावली. स्कूटर आली. मी कशी उठले, कसा तिचा हात ओढला, माझं मलाच ठाऊक नाही. आणि ओढल्या ओढल्या तिला एक थापट दिली. तिनं भोकाड पसरलं. पोदेरानं पाव पुढे केला, "रडूं नाका गो बाये, घे उंडो." मोबाईल सोप्यावर चालूच होता. मी विसरून गेले.

शनिवारी मी काजूच्या कारखान्यात होते. आम्ही पाच-सहा बायका गरांची साल सोलायला बसतो, आणि मुकादमीण तिच्या मोबाईलला इयरफोन लावून, म्हणजे त्याशिवाय रेडिओ लागतच नाही, आवाज स्पीकरवर मोठा करून ठेवते. नणंदेचा कार्यक्रम म्हणून मीच सांगितलं होतं लावायला. हौस ना.

माझा आवाज आला. नाव नाही आलं. मी मान खाली घालून सोलत राहिले. मग पों-पों आलं. शेजारची म्हणाली, "अगो, हो आमचो पोदेर!" मग थापट आली. एवढी मोठी वाटली, बाई, एवढी काय मारली होती मी? मग मुलीचं रडणं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. आणि वर नणंदच बोलतेय, मुलांना मारणं हा गुन्हा आहे, असं कुठे दिसलं तर या नंबरवर फोन करा.

"काय गो रेडिओवाली," मुकादमीण हसली, "आतां व्हरतले तुज्या चेडवाक."

तुझ्या मुलीला नेतील म्हणताना ती हसत होती. पण मला कळेना, हसत होती म्हणजे खोटं काय? नंबर तर सगळ्या गावानं ऐकला. मी हात तसेच पुसले आणि घरी धावले.

घरी पोचते तर फाटकाशी स्कूटर. दोन बायका, खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर, आणि सासूला विचारतायत, "चार वर्सांचें चेडूं आसा न्हू हांगा?" झालं, न्यायलाच आल्या. मागच्या दारानं आत शिरले, मुलीला उचललं आणि गवताच्या उडवीमागे जाऊन बसले. ती विचारत होती, आई काय झालं, आई काय झालं. मी तिच्या तोंडावर हात दाबला. जोरात दाबला. ती माझ्याकडे बघत होती, ते डोळे मला अजून दिसतात.

सासूनं शेवटी शोधून काढलं. "गो, जंताची गोळी दिवक आयल्यात त्यो. चेडवाक खंय लिपयतंस?"

मी आधी हसले, मग रडले, सासूला काय कळेना.

नणंद आली तशी मी तिच्यावर धावले. "नाव काढलंस, मगे थापट कित्याक ठेवलंस?"

"वैनी, नांव हांवें दोनदां कापलें. खरो आवाज आसूंक जाय म्हणून..." ती पण रडायला लागली. "पोदेराचें म्हाका सुचलेंच ना. बुधवारी परत लागता. तूं ना म्हण, काडटां."

आता मी काय म्हणू? काढलं तरी गावाला कळलंय. ठेवलं तर परत सगळे ऐकणार. आणि थापट तर मी मारलीच होती, ती काय नणंदेनं मारली नाही. पण स्कूटर आली होती ते रेडिओत कुठे दिसलं? मी भ्याले होते ते कोणाला ऐकू आलं? भ्यालेल्या माणसानं काय करायचं, ते त्यांच्या हक्कांत कुठे लिहिलंय? नणंदेला विचारलं. ती म्हणाली, हेंच बोल वैनी, हें जोडटां फुडें.

आज बोलायला बसले. स्कूटर आली होती, एवढंच म्हटलं. पुढचं येईना. मुलगी माझ्या मांडीवर चढली, मोबाईलला तोंड लावलं आणि म्हणाली, "आईन माका मारल्यान. आणि तोंडार हात धरल्यान. माका सास घेवक मेळूक ना."

नणंदेनं रेकॉर्डिंग थांबवलं. माझ्याकडे बघितलं. "वैनी, हें...?"

तिचा श्वास कोंडला, ते उडवीमागचं होतं. ते कोणालाच माहीत नव्हतं, सासूलाही नाही.

"ठेव," मी म्हटलं. का म्हटलं, कळत नाही. उद्या बुधवार आहे.