साहेबांचं पान

पोलादपूरचे आमचे शेजारी काका बॉम्बर विमानांच्या एका तुकडीचा इतिहास सांगतात, तो स्वयंपाकघरातून. महायुद्धात त्यांचे आजोबा त्या तुकडीचे आचारी होते. बॉम्ब कुठे पडले हे काकांना ठाऊक नाही. एक गोरा वैमानिक परतला नाही आणि त्याचं ऑम्लेट गार झालं, एवढं पक्कं ठाऊक.

दर सर्वपित्रीला आजोबांच्या पानाशेजारी त्या साहेबांचं पान असतं, त्यावर बिनमिरचीचं ऑम्लेट. श्राद्धाला अंडं! काकू तोंड फिरवतात.

यंदा कावळा आजोबांच्या पानाला शिवला, साहेबांच्या पानाकडे फिरकेना. काकांनी हात जोडले. "साहेब, लढाई आपण जिंकलो." कावळा ढिम्म. "साहेब, तुमच्यासंगतीची पोरं सुखरूप हायत." कावळ्याने झडप घातली.

"पोरं खरंच सुखरूप होती?" मी विचारलं.

"कुणाला ठाऊक रे. पण ऑम्लेट परत गार व्हायला लागलं होतं."