मनसारामने सातव्यांदा खर्रा सोडला

मनसारामने सातव्यांदा खर्रा सोडला, तेव्हा त्याच्या बायकोने मान वर करूनही पाहिलं नाही. रंभा अंगणात झिंगे निवडत बसली होती.

"आजपासून बंद," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "परत धरला का सांगा."

वडशापासून दोन कोसांवरच्या त्या गावात तलावाच्या मासोळीवर जगणारी साठेक ढिवर घरं होती, आणि रंभासारखी जीभ त्यांपैकी एकाही घरात नव्हती. बुधवारच्या बाजारात कुणी मरळ दोनदा दाबून पाहिली, की ती विचारायची, "माशाले गुदगुल्या करून राह्यले का भाऊ?" पण तिच्या जिभेचं रोजचं गिऱ्हाईक घरातच होतं.

नवऱ्याचे सगळे हंगाम तिला तोंडपाठ होते. कितीतरी वर्षं तर तो नुसता हसायचा. "माया बापानं जलमभर खाल्ला, त्याले काई झालं नाई." बाप अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला होता. मग 'खर्रा सोडा लागते बापा' म्हणण्याची वर्षं आली. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटता घोटताच तो हे म्हणायचा. मग एका संक्रांतीला त्याने पारावर सगळ्यांना बोलावलं आणि त्यांच्यादेखत पुडी तलावात फेकली. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत तो काठाकाठाने हातजाळी फिरवताना दिसला. मासे धरायला इतक्या लवकर तो जन्मात उठला नव्हता. सोडण्याची चौथी खेप चिमूरच्या एका लग्नात संपली. पाचवी खेप इतकी छोटी होती, की रंभाला आठवतही नाही.

या वेळी त्याने खर्ऱ्याच्या जुन्या डबीत भाजलेला जवस भरला. रोज संध्याकाळी रंभा त्याचा शेला हुंगायची. पाच महिने झाले तरी वास आला नाही. माणूस लपवण्यात हुशार झाला, एवढाच तिने अर्थ काढला.

ती स्वतः नस घासायची. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर भाजून केलेली पूड, दिवसातून चारदा, बोटाने हिरड्यांवर. अकराव्या वर्षी दाढ दुखली तेव्हा आईने लावून दिली होती. ते व्यसन नव्हतं, औषध होतं. दाढ कधीच पडून गेली होती, औषध चालू होतं.

गावच्या आशा कार्यकर्ती रुपालीने शाळेत तोंड तपासायचं शिबिर ठेवलं, तेव्हा नवऱ्याची फजिती पाहायला रंभा सोबत गेली. तोंड किती उघडतं ते पाहायला डॉक्टरीणबाईंनी मनसारामला तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं अडलं.

"पन खर्रा सोडल्यापासून तिखट झोंबत नाई मॅडम," तो आनंदाने म्हणाला.

"दोन बोटांचा पराक्रम," रंभा रुपालीला म्हणाली.

"बाई, तुम्हीही बसा," डॉक्टरीण म्हणाल्या.

बॅटरीचा उजेड रंभाच्या खालच्या ओठाआड येऊन थांबला. तिथे वाळलेल्या चुन्यासारखा पांढरा चट्टा होता. तो पुसून जाईना.

"नस बंद करा. तीन महिन्यांनी दाखवा. चट्टा असाच राहिला तर तुकडा काढून तपासावा लागेल. हे कॅन्सरकडे जाऊ शकतं."

परतताना रंभा पुढे पुढे चालत होती. "डाक्टरीन नवी हाय. माया मायनं जलमभर नस घासली, तिले काई झालं नाई."

मनसाराम किंचित थबकला. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं.

पुढचे आठ दिवस ती आरशाच्या तुकड्यात ओठ ओढून पाहत राहिली. चट्टा तसाच. शेवटी सोमवारी सकाळी म्हणाली, "बंद."

"मंग बुधवारी बाजारात जाऊ नोको," तो म्हणाला. "तिसरा दिवस लय वंगाळ असते. अन् ते नस घासनारी केसरबाई हाय ना, तिच्याजवळ तर बसूच नोको."

"सात वेळा तोंडघशी पडला मानूस, अन् मले चालाले शिकवून राह्यला."

बुधवारी ती बाजारात गेली आणि मुद्दाम केसरबाईला खेटून बसली. दहा वाजेस्तोवर तीन गिऱ्हाइकांशी भांडली. बारा वाजता डोकं फुटायला आलं. केसरबाईने शेजारून डबी उघडली. "घे वो बाई, एका बोटानं काय होते?"

रंभाने घेतली.

घरी येताना तिने तलावावर तीनदा चुळा भरल्या. मनसाराम ओसरीत जाळं विणत होता. त्याने तिचा ओला पदर पाहिला आणि पुन्हा मान खाली घातली. ती टोमण्याची वाट पाहत उभी राहिली. उत्तर तयार होतं. टोमणा येईना.

"हासा ना," ती म्हणाली.

"कायले? तलावात खुंट कुठी हाय, हे कोनाले मालूम असते? ज्याचं जाळं फाटलं त्याले. तुयं आज पयल्यांदा फाटलं." त्याने डबी पुढे सरकवली. "घासावाशी वाटलं का जवस चावजो. अन् छपराच्या वाशाआडची पुडी चुलीत टाक."

"तुमाले कसं मालूम?"

"मी बी तिथीच ठेवत होतो."

रंभाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू टोपलीत शिळी मासोळी निघाली. मग स्टूल ओढून वर चढली, पुडी काढली आणि चुलीत फेकली. धुराने दोघंही खोकत बसली.

तीन महिन्यांनी बॅटरीचा उजेड पुन्हा ओठाआड गेला. चट्टा तांदळाच्या दाण्याएवढा उरला होता.

"छान. अजून तीन महिने असंच," डॉक्टरीण म्हणाल्या. "घरून मदत झाली वाटतं?"

रंभाने दाराशी डबी घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट केलं. "यायची मदत? यायले सोताचंच सहा वेळा जमलं नाई."

बाहेर आल्यावर मात्र तिने न बघताच हात मागे केला. त्याने जवस ओतला.

संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे त्याचा शेला हुंगला, घडी घालून ठेवला आणि त्याच्यासमोर येऊन तोंड उघडलं.

"रोज पाहात जा. केसरबाई अजून बाजूलेच बसते," ती म्हणाली. "मी कोनाचाच भरोसा ठेवत नाई. माया बी नाई."