जावळाच्या दुपारी ताईचे हात

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. गेल्या वर्षी, भाच्याचं जावळ काढलं त्या दुपारी, अवसरी बुद्रुकला तिच्या सासरी, भरल्या पंगतीत. तिला आणखी एक मूल होऊ द्यायचं असं ठरलं, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी मामा, म्हणून पोर माझ्या मांडीवर. केस उतरवून झाले, पोराला न्हाऊ घातलं, आणि आम्ही येडगावहून नेलेलं अंगडं ताई त्याला घालू लागली. बंद बांधता येईनात. बोटं सुजलेली, मनगटं गरम. शेवटी मीच बांधले.

तिची सासू वाढता वाढता म्हणाली, "पोटात पोर व्हतं तवा हीच दोन म्हशी पिळत व्हती. गोळी न्हाई, काय न्हाई. बाळंत झाली आन् सांधं परत धरलं. अजून एक हू द्या, बरी व्हईल."

"मावशी, पोर म्हंजे काय मलम हाय का?" मी म्हणालो.

"पावणं, तुमी पत्रकं वाटा. बाळंतपणं आमी केल्यात." मी गावोगाव संघटनेची पत्रकं वाटत फिरतो, त्यावरचा हा टोमणा.

पंगत हसली. दाजीही हसले. ताई तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात गाडी लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ताईला मंचरला डॉक्टरकडं नेतोय." दाजी पुढं आले. "लई शाना झालास, राव." पण ताई पोराला सासूच्या हातात देऊन मागं येऊन बसली होती.

तिला आमवात आहे, हे लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं. दिवस राहायच्या आधी डॉक्टरांनीच गोळ्या थांबवल्या होत्या. बाळंतपणानंतर पुन्हा दाखवायला या, असंही सांगितलं होतं. तिला न्यायचं कुणालाच सुचलं नाही. कारण गरोदरपणाचे महिने ती खरंच बरी होती, आणि पुन्हा दिवस राहिले की बरी होईल असंच सगळे धरून चालले.

सासूनं पाहिलं ते खोटं नव्हतं. या आजारात शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. डॉक्टरांनी सांगितलं, गरोदरपणी बाईची हार्मोन्स वाढतात, पोटातलं मूल परकं मानलं जाऊ नये म्हणून ही यंत्रणा आपला रोख बदलते, आणि पुष्कळ बायकांचे सांधे तेवढ्यापुरते शांत होतात. बाळंत झाल्यावर हार्मोन्स झपाट्यानं उतरतात आणि आजार उसळतो. हार्मोन्स नेमकं काय काय करतात, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण पुन्हा दिवस राहिले तरी आजार जात नाही, फार तर काही महिने दबतो. त्याची वाट पाहत औषधाविना सांधे झिजले, ते झिजलेच.

"तुम्हाला हवंय का दुसरं?" डॉक्टरांनी तिला विचारलं. हे तिला विचारणारा तो पहिला माणूस.

"आधी हे एक नीट उचलता येऊ दे," ताई म्हणाली.

अंगावर पाजताना चालतील अशी औषधं मिळाली. सूज उतरली. ती आता पोराला कडेवर घेऊन फिरते, म्हशीही पिळते. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, ती सरळ व्हायची नाहीत. जावळापर्यंत वाट पाहिली नसती, तर बहुतेक वाचली असती.

तुमच्या घरात आमवाताची बाई गरोदर असेल, तर बाळंतपणानंतर सांध्यांच्या डॉक्टरांकडं कधी जायचं ते आजच ठरवा. आधीच बाळंत झाली असेल आणि सकाळी तिची मूठ वळत नसेल, तर शेक-शेगडी खुशाल चालू ठेवा, पण उद्या तिला दवाखान्यात न्या. आणि पुढच्या मुलाचं तिला विचारा. तिलाच.