दोन ग्रुपची एकच मॅडम

आता काय सांगू तुम्हाला, लग्नाच्या बोलणीलासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते जेवढी त्या डीलरच्या परीक्षेला घाबरले! आमचं शेअर ब्रोकरचं ऑफिस, डीलर म्हणजे गिऱ्हाइकांचे शेअर घेणारा-विकणारा. साहेबांनी तोंडावर सांगितलं, "सर्टिफिकेट असेल तोच डीलरच्या खुर्चीत. नाहीतर परत फायली लावायला बसायचं." वर निगेटिव्ह मार्किंग! माझी तर झोपच उडाली.

भीतीच्या भरात मी एक सोडून दोन स्टडी ग्रुप धरले. शनिवारी लालबागला, ऑफिसातल्या सुहासच्या मंडळाच्या खोलीत. रविवारी गिरगावात खोताच्या वाडीत, माझी कॉलेजची मैत्रीण फिओना, तिच्या ओट्यावर.

पहिल्याच शनिवारी सुहासने विचारलं, "वैशाली, हे मार्जिनचं गणित कसं गो सोडवायचं?"

'येत नाही' म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "पुढच्या वेळी नीट समजावते."

रविवारी फिओनाला विचारलं. तिने सोडवून दिलं. शनिवारी मी तेच सुहासपुढे ओतलं.

"आयला, काय डोकं आहे!" सुहास म्हणाला. "मॅडमच बोलायला पाहिजे तुला."

मग फिओनाच्या शंका लालबागला, लालबागची उत्तरं गिरगावात. दोन्हीकडे मी मॅडम! माझ्या डोक्यात काय उरत होतं म्हणता? शून्य! मी फक्त इकडचा डबा तिकडे पोचवत होते.

आणि परीक्षेच्या आदल्या रविवारी सुहासला काय हुक्की आली असेल? दोन्ही ग्रुप एकत्र! फिओना आपली माणसं घेऊन मंडळाच्या खोलीत हजर.

"आमच्या मॅडमना तोड नाय," सुहास म्हणाला.

"अरे जा! आमची मॅडम बघ आधी," फिओनाने माझ्याकडे बोट दाखवलं. सुहासचं बोटही माझ्याकडेच!

सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि माझ्या हातात खडू. फळ्यावर हे एवढं मोठं गणित. कसंबसं म्हटलं, "सुहास, तू सोडव. फिओना, तू त्याच्या चुका काढ."

दोघांनी मिळून अख्खं गणित सोडवलं.

"काय शिकवायची पद्धत आहे!" मागून कोणीतरी म्हणालं.

परीक्षेत मात्र समोर नुसता कॉम्प्युटर. ना सुहास, ना फिओना. बटण दाबलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरात नापास! बाकी झाडून सगळे पास. मी जिन्यात बसून रडले. आता फायली लावा जन्मभर!

तेवढ्यात साहेबांचा फोन. म्हटलं, संपलं.

"वैशाली, सुहास सांगत होता, तुझ्यामुळे तो पास झाला. कमाल केलीस! ऐक, आपल्या ऑफिसातलं एकच कोणीतरी नापास झालंय. पुढच्या परीक्षेपर्यंत त्याला तूच तयार करायचं. थांब, मेल उघडून नाव सांगतो."

"नको साहेब, राहू दे," मी नाक पुसत म्हटलं. "ओळखते मी तिला. कितीही शिकवा, एक अक्षर डोक्यात शिरत नाही तिच्या!"