अंबुजाची तिथी

कुंभकोणमच्या मुलींच्या हायस्कुलात चित्रकला शिकवणारे व्यंकोबाराव दर मार्गशीर्षात आपल्या जिवंत बायकोचं श्राद्ध घालत. अगदी यथासांग. गुरुमूर्ति वाध्यार, म्हणजे भटजी, दर्भाची जुडी काखेत मारून येत, दोन ब्राह्मण पानावर बसत, परसात कावळ्यांना घास ठेवला जाई. कावळ्यांना खरंखोटं कुठलं कळायला, ते यथेच्छ जेवून जात. त्या दिवशी शेजारणी एकमेकींत हळहळत, "पावम्, बिचारा! इतकीं वर्षें झालीं, पण मनुष्य बायकोला विसरला नाहीं." व्यंकोबाराव मान खाली घालून ऐकत. विसरले नव्हते, हे तर खरंच होतं.

झालं होतं ते असं. पंचेचाळीस साली अंबुजाच्या डाव्या हाताची बोटं बधिर झाली. चुलीवरचं पातेलं उतरवताना भाजलं तरी तिला कळेना. वैद्यानं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात एकच शब्द उच्चारला, महारोग. घरात व्यंकोबारावांच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. या मुलखात मराठी घरं ती किती! एका घरात कुणी शिंकलं तर तिरुविडैमरुदूरला कळतं. असल्या घरातली मुलगी कोण करून घेणार?

तोड अंबुजानंच काढली. पापनाशमच्या पलीकडे विलायतेतल्या एका संस्थेनं महारोग्यांसाठी दवाखाना काढला होता. "मज तेथें सोडा," ती म्हणाली, "आणि मी मेलें म्हणून सांगा. तिरुपतीला निघालें होतें, वाटेंत पटकीनें गेलें. कोणीं खोदून विचारणार नाहींत."

कुणीही विचारलं नाही. बहिणींची लग्नं झाली, एक मदुरेला गेली, एक सेलमला. खोटं मात्र सासरी गेलं नाही, ते घरातच राहिलं. पहिल्या वर्षी व्यंकोबाराव चोरून तीनचारदा तिला भेटून आले. मग वर्षश्राद्ध आलं, लोकांच्या देखत घालावंच लागलं, आणि त्यानंतर तिच्यासमोर जाऊन बसायची छाती त्यांना झाली नाही. वर्षाला एक सुती लुगडं ते टपालानं पाठवत. सोबत चिठ्ठी नसे.

घरात ते एकटे. शाळेत तमिळ, बाजारात तमिळ. घरी मराठी बोलायला माणूस नाही. कधी संध्याकाळी विठोबापुढे दिवा लावताना तोंडून दोन शब्द निघत आणि आपल्याच आवाजाला ते दचकत. मार्गशीर्षात तर गल्लीतल्या दारोदारी मोठमोठ्या रांगोळ्या पडत, आणि मुलींना वेलबुट्टी शिकवणाऱ्या या मास्तरांचं दार तेवढं कोरं. घरात बाई नाही, आणि पुरुषानं रांगोळी घातली तर गल्ली हसेल. बारा वर्षं ते तसंच कोरं राहिलं.

सत्तावन्न साली शाळेच्या मुख्याध्यापिका मीनाक्षीबाईंच्या डोक्यात एक नवीन खूळ शिरलं. मुलींनी चौघीचौघींचे संघ करायचे. परदेशातल्या ज्या संस्था आपल्या गोरगरिबांसाठी काम करतात, त्यांतली एकेक प्रत्येक संघानं घ्यायची, तिचं काम प्रत्यक्ष पाहून यायचं आणि भर सभेत तिची बाजू मांडायची. जो संघ जिंकेल, त्याच्या संस्थेला शाळेच्या नाटकाचं उत्पन्न. चिठ्ठ्या टाकल्या. एका संघाला दुधाची पावडर पाठवणारी संस्था मिळाली, एकाला क्षयाची लस. महारोगाची चिठ्ठी दहावीतल्या अलमेलूच्या हाती आली, तेव्हा तिच्या मैत्रिणींनी नाकं मुरडली. अलमेलू हट्टी. विज्ञानाच्या बाईंना घेऊन ती दवाखाना पाहून आली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती चित्रकलेच्या वर्गात आली. भाषणामागे लावायचे फळे रंगवायचं काम सगळ्याच संघांनी व्यंकोबारावांच्या गळ्यात मारलं होतं. अलमेलूचा फळा जवळजवळ तयार होता. 'बऱ्या झालेल्या माणसाकडून हा रोग लागत नाही', अशी ठसठशीत तमिळ अक्षरं त्यांनी स्वतः काढली होती. खाली चित्राची जागा मोकळी होती. अलमेलू मराठी घरातली, म्हणून आसपास कुणी नसलं की त्यांच्याशी मराठीत बोले, 'सर'चं तेवढं 'सार' करून.

"सार, तेथें आमची भाषा बोलणारी एक बाई आहे."

व्यंकोबारावांचा ब्रश पाण्यातच राहिला.

"माझा डबा पडला तों मी 'अग आई' म्हटलें, आणि ती धांवत आली. 'कोणत्या गल्लींतली ग तूं?' म्हणून विचारली. तिला बरें होऊन तीन वर्षें झालीं, सार. नव्या गोळ्यांनीं. डाक्टरांनीं कागदहि दिला आहे. मी म्हटलें, मग घरीं कां जात नाहीं? तर हंसली. म्हणाली, 'मी मेलें आहें ग. मेलेल्या बाईला कुठलें घर?'"

अलमेलूला ते बोलणं फार आवडलं होतं. भाषणाच्या शेवटी हेच वाक्य म्हणायचं, परीक्षकांच्या डोळ्यांना पाणी आलंच पाहिजे, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"ती रोज दवाखान्याच्या दारांत रांगोळी घालते, सार. एका हाताचीं बोटें वळलीं आहेत, तरी घालते. तेंच चित्र काढा."

व्यंकोबारावांनी काढायला घेतलं. हात आपोआप चालला. ओणवी बसलेली बाई, उजव्या चिमटीतून सुटणारी पिठाची रेघ, गुडघ्यावर टेकवलेला वाकड्या बोटांचा डावा हात, भुवईपाशी लहानसा व्रण. अलमेलू मागे उभी राहून बघत होती. बघता बघता तिची बडबड थांबली.

"सार," ती हळूच म्हणाली, "कोणता हात तें मी सांगितलें नव्हतें. भुवईपाशींची खूणहि सांगितली नव्हती."

त्यांना मान वर करवेना.  मग अलमेलूनं त्यांचे ब्रश गोळा केले, धुतले, ओळीनं ठेवले आणि ती घरी गेली.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. दूधवाल्या संघानं कुणाचं तरी एक गुटगुटीत मूल पळवून आणलं होतं, आणि ते लबाड नेमक्या वेळी हसलं. अलमेलूही छान बोलली, एकदाही अडखळली नाही. मग परीक्षक चंद्रमौली वकिलांनी चष्मा पुसत विचारलं, "बरी झालेली ही माणसं घरी जातात काय?"

"काही जातात," अलमेलू तमिळमध्ये म्हणाली.

"आणि बाकीची? ती का जात नाहीत?"

तिच्याकडे उत्तर होतं. साऱ्या सभागृहाला गप्प करील असं. तिनं खिडकीपाशी उभ्या असलेल्या व्यंकोबारावांकडे एकदा पाहिलं.  चार पावलं पुढे जाऊन दोन शब्द बोलायचे होते. ते जागचे हलले नाहीत.

"मला ठाऊक नाही," अलमेलू म्हणाली आणि खाली बसली.

दुधानं बाजी मारली. फळा उतरवायला अलमेलू आली, तेव्हा व्यंकोबारावांनी विचारलं, "तें वाक्य कां नाहीं म्हटलेंस?"

"तें तुम्हीं सांगायचें होतें, सार."

पंधरा वर्षांची पोर. मास्तरांच्या जिवाला ते इतकं लागलं की पुढचे पंधरा दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. तेवढ्यात तिथी आली. गुरुमूर्ति वाध्यार ठरल्या वेळी दारात हजर.

"आज श्राद्ध नाहीं, वाध्यार."

"कां? सुतक आलें काय?"

"अंबुजा मेली नाहीं. जिवंत आहे. पापनाशमपलीकडे महारोग्यांच्या दवाखान्यांत आहे. मी बारा वर्षें खोटें सांगितलें."

वाध्यारांच्या काखेतली जुडी खाली पडली. व्यंकोबारावांनी ती उचलून त्यांच्या हातात दिली, दाराला कुलूप लावलं आणि बस गाठली.

अंबुजा दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होती. केस पांढरे झाले होते. अंगावर त्यांनीच पाठवलेलं लुगडं होतं. व्यंकोबारावांना पाहून ती रडली नाही, ओरडली नाही. पदर सारखा करून ओसरीवर येऊन बसली.

"घरीं चल," ते म्हणाले. "मी सगळें सांगून टाकलें आहे. वाध्यारांला, म्हणजे गांवाला."

ती आत गेली आणि कॉफी घेऊन आली. पितळी पेला उजव्या हातात, खालून डाव्या हाताच्या वाकड्या बोटांचा आधार. व्यंकोबारावांनी हात पुढे केला, आणि तो मध्येच थांबला. अगदी डोळ्याचं पातं लवेपर्यंत. बऱ्या झालेल्या माणसाकडून रोग लागत नाही, हे ज्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, तोच हात. मग घाईघाईनं पेला घेऊन त्यांनी कॉफी एका घोटात संपवली. जीभ पोळली. पण तिनं पाहायचं ते पाहिलं होतं.

"तुम्हीं भला मनुष्य आहां," ती म्हणाली. "पण तुमचा हात थांबला. तेथें रोज कोणाचा तरी हात थांबेल, आणि मी रोज पाहीन. येथें चाळीस जणी माझ्या हातचें जेवतात, एकीचाहि थांबत नाहीं."

व्यंकोबाराव ओसरीच्या खांबाला टेकून मुलासारखे रडले. तिनं रडू दिलं. मग विचारलं, "माझ्या श्राद्धाला काय काय करवीत होतां?"

"वडे, खीर, तिळाचे लाडू. कारलें."

"कारलें? मज कधीं आवडलें हो कारलें?" ती जरा हसली. "पुढल्या वर्षीं त्या तिथीला येथें जेवायला या. मी रांधीन."

व्यंकोबाराव एकटेच परत आले. गल्लीनं पाहिजे ते बोलून घेतलं. शेजारणींचं हळहळणं बंद झालं, सेलमच्या बहिणीची पत्रं थांबली, खाणावळवाला त्यांचं पान कोपऱ्यात वेगळं मांडू लागला. आधी एकटे होते, आता अगदीच एकटे झाले. पण परत आल्याच्या दुसऱ्याच पहाटे त्यांनी पिठाचा डबा घेतला आणि आपल्या दारासमोर स्वतः रांगोळी घातली. शेजारच्या खिडक्यांतून हसण्याचा आवाज आला. या घरात सवाष्ण आहे, एवढंच त्यांना जगाला सांगायचं होतं. मग रोजच घालू लागले.

वर्षानं तिथी आली. दवाखान्याच्या ओसरीवर केळीचं पान मांडलं होतं. अंबुजानं भात वाढला, वर तूप घातलं आणि समोर बसून ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. हात थांबला नाही. पहिल्या घासाला नाही, दुसऱ्याला नाही, खिरीपर्यंत कुठेच नाही.  हात धुवायला पाणी घालताना ती म्हणाली, "अलमेलूनें पत्र घातलें होतें. रांगोळी घालतां म्हणे. रेघ जाड येत असेल."

"येते."

"येईन एकदां पाहायला."

पाहायला येईन म्हणाली. राहायला येईन म्हणाली नाही. व्यंकोबाराव शेवटच्या बसनं एकटेच परत आले आणि झोपण्याआधी दारासमोरची जागा त्यांनी दोनदा झाडली.