तात्यांचा दाबलेला खोकला

नामातात्यांना खोकला आला की ते बोलता बोलता उठायचे, अंगण ओलांडून लिंबापलीकडं जायचे, तोंडाला पंचा लावून खोकून यायचे आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं धरायचे. "माणसाम्होरं खोकू न्हाय, आक्का," म्हणायचे. डाळज गावात आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लागून.

उभा जन्म ते दगडखाणीत सुरुंगाची भोकं पाडत होते. दगडाची भुकटी छातीत बसलेली, एक्स-रेच्या फोटोत स्पष्ट दिसायची. आजारपणाचा भत्ता मिळाला तर घरी बसून औषध घेता येणार होतं, नाहीतर पुन्हा खाण. पण तपासणीला हा माणूस दाढी करून, परीटघडीचा सदरा घालून गेला आणि डॉक्टरांसमोर खोकला गिळून बसला! 'कामास योग्य' असा शेरा पडला. अर्ज नामंजूर.

मग अपील केलं. ते मीच लिहिलं. शाळा नाही पाहिली मी, पुड्यांचे कागद वाचून अक्षर ओळखायला शिकले. सुनावणीला बारामतीला सोबतही गेले. एसटीत बजावलं, "तात्या, आज लाज सोडा. पोटभर खोका."

"व्हय व्हय. असा खोकतो, कचेरीचा पंखा खाली पडंल बघा."

सुनावणी घेणारे साहेब तसे भले. खुर्ची दिली, पाणी दिलं. "काय त्रास होतो, काका?"

झालं! खुर्ची देऊन काका म्हणणाऱ्या माणसासमोर तात्या खोकतील होय? मान ताठ, डोळ्यांत पाणी, मुठीत पंचा आवळलेला. "तसं बरं हाय, सायेब. जरा दम लागतो, येवढंच."

"अहो साहेब, घरी बघा यांना..." मी म्हणाले.

"आक्का, सायबांचा येळ जातोय."

तात्या जिना उतरले, शेवटच्या पायरीवर बसले, आणि मग खोकला सुटला. थांबेचना. ओठ निळे पडले. साहेबांना बोलवायला मी वर धावले, तर तात्यांनी पदर धरला. "नको, आक्का. जेवाय बसलं असतील त्ये."

दोन पायऱ्या चढले होते मी. तिथून परत खाली आले. त्यांचं ऐकलं.

अपील फेटाळलं. तात्या पुन्हा खाणीवर गेले, हुरड्याच्या दिवसांपर्यंत तगले.

पलीकडच्या घराला आता कुलूप आहे. तरी दुपारी मी ताट घेऊन बसले की लिंबापलीकडं कुणीतरी खोकतं. तिथं कुणी नसतं, हे मला माहीत आहे. तरी हातातला घास ताटात ठेवते आणि उठून बघून येते. रोज.