देविदासभाऊंचा दांडा

देविदासभाऊंच्या सीटखाली जॅकचा दांडा असायचा. टायर बदलायला कमी, माणसं धमकावायला जास्त. मी जानेफळचा मास्तर, रोज चिखलीहून त्यांच्याच जीपनं जायचो. त्या दांड्यानं एका दारुड्याचे दात पडताना मी डोळ्यांनी पाहिलेत.

त्या वर्षी आमच्या रस्त्यावर परदेशी कंपनीची एक गाडी धावू लागली. नाव झाकलेलं, अंगभर काळी-पांढरी नक्षी, काचा काळ्या. एवढ्या लांबून चाचणीला इथंच का आणतात, यावर जीपभर वाद. मी म्हणायचो, "ऊन, धूळ, खड्डे, सगळं एका जागी मिळतं ना!"

भाऊ भडकायचे. "खड्डे तं ते त्याह्यच्या देशातही खोदतीन, मास्तर! त्याह्यच्याकडं मानूस मेला तं जवाब द्या लागते. इथं कोन इचारते?"

याच माणसाचा नियम मात्र पक्का होता. रस्त्यात जखमी दिसला की सवाऱ्या उतरवायच्या आणि त्याला आधी दवाखान्यात पोचवायचं. "सवारी थांबते, रक्त थांबत नाही." भर उन्हात उतरवलं म्हणून मी कितीदा चरफडलोय!

एका दुपारी ती गाडी आम्हाला घासून गेली. जीप नालीत, माझं कपाळ फुटलेलं. "धरा त्याला, भाऊ! सोडू नका!" मीच ओरडलो.

गाडी पुढं थांबली होती. आत गोरा साहेबच असणार, भाऊंना खात्री. ते दांडा घेऊन धावले. पहिल्या घावात काच फुटली. आडव्या आलेल्या हातावर त्यांनी आणखी दोन घातले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"मारू नका हो भाऊ! मी पिंपळगाव राजाचा हाय! तुम्हालेच पाहाले थांबलो!"

पन्नाशीचा सुरेश, रोजावर ती गाडी चालवणारा. भाऊंच्या हातून दांडा पडला. आम्ही जीप लोटून वर काढली. मी चढू लागलो, तर म्हणाले, "उतरा मास्तर. तुमचं रक्त थांबलं, त्याचं नाही."

दवाखान्यातून ते स्वतःच ठाण्यात गेले. सुरेशचा उजवा हात कायमचा निकामी झाला. आठवड्यात त्याच गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला.

शिक्षा भोगून आल्यावर भाऊ सुरेशच्या दारी गेले. सुरेश तोंडावर थुंकला. दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा गेले, तिसऱ्याही. शेवटी सुरेश त्यांच्या जीपवर सवाऱ्या बोलावू लागला. कुणी परदेशी गाडीचा जुना वाद काढला की भाऊ म्हणत, "मले काय इचारता? मारनारा तं मीच निंघालो."

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. सुरेशनं तिरडीला डावा खांदा दिला. मी मागून चाललो होतो. 'सोडू नका' कोण ओरडलं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.